सानुग्रह की भरपाई? मिनामाताच्या मच्छीमारांची गोष्ट

सरकारी कागदांत दोन शब्द नेहमी शेजारी शेजारी नांदतात. एक ‘नुकसानभरपाई’ आणि दुसरा ‘सानुग्रह मदत’. घेणाऱ्याच्या हातात पडणारी नोट दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे त्यांतला फरक आपण फारसा मनावर घेत नाही. पण फरक आहे. भरपाई देणारा ‘माझ्यामुळे तुझे नुकसान झाले’ असे कबूल करत असतो. सानुग्रह मदत देणारा मात्र ‘तुझी अवस्था पाहून दया आली’ एवढेच म्हणतो. पहिल्या पैशात घेणाऱ्याचा हक्क असतो, दुसऱ्यात देणाऱ्याचा मोठेपणा. जपानमधल्या एका लहानशा गावातल्या मच्छीमारांना हा फरक न्यायालयाच्या निकालपत्रात उतरवून घ्यायला जवळजवळ अर्धे शतक लागले. त्या गावाचे नाव मिनामाता.

मिनामाता म्हटले की आपल्याला पाठ्यपुस्तकातला ‘पाऱ्याचा रोग’ आठवतो. कारखान्याचे सांडपाणी, सांडपाण्यात पारा, पाऱ्याने विषारी झालेली मासळी आणि ती खाऊन लुळी पडलेली माणसे, अशी चार ओळींची ती गोष्ट. ती खरीच आहे. पण त्या चार ओळींत एक गोष्ट येत नाही. रोगाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते, त्याच्या तीस वर्षे आधीपासून तिथले मच्छीमार त्या कारखान्याशी भांडत होते. ते भांडण मासळीचे होते, जाळ्याचे होते, पोटाचे होते. दर वेळी त्यांना थोडे पैसे मिळाले आणि दर वेळी त्या पैशांसोबत तोंड बंद ठेवण्याची अटही आली. ही गोष्ट त्या अटींची आहे.

मिनामाता हे क्युशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कुमामोतो प्रांताच्या दक्षिण टोकाला आहे. समोर शिरानुइ समुद्र. नाव समुद्राचे असले तरी तो आहे एखाद्या मोठ्या खाडीसारखा. पलीकडे आमाकुसा बेटांची रांग असल्यामुळे बाहेरच्या महासागराच्या लाटा आत येत नाहीत, पाणी शांत राहते आणि मासळीला अंडी घालायला निवांत जागा मिळते. तारली, शेवटे, सुंगटे, कालवे, ऑक्टोपस हे सगळे तिथे विपुल होते. गोव्यात मांडवी-जुवारीच्या मुखाशी वाढलेल्या माणसाला या पाण्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. ज्या शांतपणामुळे तिथे मासळी टिकत होती, त्याच शांतपणामुळे पुढे तिथे टाकलेले विषही टिकून राहिले.

या गावात मिठागरेही होती. जपान सरकारने १९०५ साली मिठाचा व्यापार आपल्या हाती घेतला आणि पुढच्या काही वर्षांत तिथली मिठागरे बंद पडली. गावाला काहीतरी उद्योग हवाच होता. १९०८ साली नोगुची शितागाऊ या उद्योजकाने तिथे कार्बाइडचा कारखाना काढला. त्यातून खताचा मोठा उद्योग उभा राहिला. कंपनीचे नाव निप्पोन चिस्सो, म्हणजे ‘जपान नायट्रोजन’. गावकऱ्यांनी कारखान्याचे स्वागतच केले. पगार आला, रेल्वे आली, दुकाने आली. खेड्याचे शहर झाले. कारखान्यात नोकरी लागणे हे मिनामातात प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. मच्छीमार मात्र उतरंडीच्या तळाशीच राहिले. त्यांतले बरेचसे आमाकुसा बेटांवरून पोटासाठी येऊन किनाऱ्याला टेकलेले. गावच्या जुन्या घराण्यांच्या लेखी ते उपरेच.

कारखान्याचे पाणी खाडीत जाऊ लागल्यावर काही वर्षांतच मासळी कमी झाल्याची तक्रार सुरू झाली. १९२६ साली कंपनीने मच्छीमार सहकारी संस्थेला १५०० येन दिले. जपानी भाषेत या पैशाला ‘मिमाइकिन’ म्हणतात. आजारी माणसाला भेटायला जाताना किंवा कोणावर आपत्ती ओढवल्यावर सांत्वनासाठी पाकिटात घालून द्यायचा तो पैसा. आपण आजाऱ्याकडे नारळ, फळे घेऊन जातो त्यातला प्रकार. म्हणजे कंपनीने शेजाऱ्याच्या दुखण्याची विचारपूस केली, एवढाच त्याचा अर्थ. सोबत एक अट होती. या विषयावर पुन्हा कधीही तक्रार करायची नाही.

पुन्हा कधीही! समुद्रात उद्या काय सोडले जाईल हे ना देणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला. तरीही भविष्यातल्या सगळ्या तक्रारींची किंमत आजच १५०० येन ठरवून टाकली होती. आणि खरोखरच, कारखान्याने १९३२ साली ॲसिटाल्डिहाइड नावाचे रसायन बनवायला सुरुवात केली. त्याच्या प्रक्रियेत पाऱ्याचा वापर होता. त्यातला काही पारा सेंद्रिय रूप घेऊन, म्हणजे मिथाइल मर्क्युरी होऊन, सांडपाण्यातून खाडीत उतरू लागला.

१९४३ साली, ऐन युद्धात, दुसरा करार झाला. या वेळी रक्कम मोठी होती, १ लाख ५२ हजार ५०० येन. पण अटही मोठी होती. झालेल्या आणि पुढे होणाऱ्या अशा दोन्ही नुकसानींचा हिशेब या रकमेत मिटला असे धरायचे, आणि खाडीतल्या काही भागातला मासेमारीचा हक्क सोडून द्यायचा. पहिल्या करारात मच्छीमारांचे तोंड गेले होते, दुसऱ्यात पाणीही गेले.

युद्धानंतर कारखाना पुन्हा जोमाने सुरू झाला. प्लास्टिकच्या उद्योगाला ॲसिटाल्डिहाइड हवे होते आणि उत्पादन वर्षागणिक वाढत होते. १९५२ साली प्रांताच्या मत्स्य विभागातल्या एका अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहणी करून लिहून ठेवले, की सांडपाण्याची तपासणी व्हायला हवी. तो अहवाल कपाटात गेला. खाडीत मेलेले मासे तरंगू लागले, पक्षी उडता उडता खाली पडू लागले. १९५४ च्या ऑगस्टमध्ये एका स्थानिक वर्तमानपत्रात एक छोटी बातमी आली. मोदो नावाच्या मच्छीमार वस्तीतली मांजरे वेड्यासारखी गरगरत मेली, एकही उरले नाही आणि आता उंदरांनी उच्छाद मांडला आहे. बातमी उंदरांची होती. मांजरे कशाने मेली, या प्रश्नाला बातमीत जागा नव्हती.

१९५३ ते १९५७ या चार वर्षांत मिनामाताच्या मच्छीमार संस्थेची मासळी ९१ टक्क्यांनी घटली. शंभर टोपल्यांच्या जागी नऊ टोपल्या, असा याचा अर्थ. आणि त्याच काळात माणसे आजारी पडू लागली. १९५६ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षांची एक मुलगी कारखान्याच्याच इस्पितळात आणली गेली. तिला धड चालता येत नव्हते, बोलता येत नव्हते. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आली. मग शेजारची माणसे आली. इस्पितळाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी १ मे १९५६ रोजी सरकारी आरोग्य केंद्राला कळवले, की मेंदूचा एक अज्ञात आजार पसरतो आहे. हाच दिवस या रोगाचा ‘अधिकृत’ शोध लागल्याचा दिवस मानला जातो.

सुरुवातीला तो संसर्गजन्य असावा असे वाटले. घरांवर जंतुनाशक फवारले गेले, रोग्यांना वेगळे ठेवले गेले. दुकानदार त्या घरातल्या माणसांच्या हातून पैसे घ्यायला कचरू लागले. कुमामोतो विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सांगितले, की हा संसर्ग नाही, ही विषबाधा आहे. एखाद्या जड धातूची असावी आणि ती खाडीतल्या मासळीतून होते आहे. पण एकदा बसलेला शिक्का इतक्या सहजी पुसला जात नाही.

यापुढचा प्रसंग या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे असे मला वाटते. मासळीतून विष जाते हे कळल्यावर प्रांत सरकारने केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला विचारले, की अन्न स्वच्छता कायदा लावून या खाडीतल्या मासळीवर बंदी घालता येईल का? १९५७ च्या सप्टेंबरात उत्तर आले. खाडीतली झाडून सगळी मासळी विषारी आहे असा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येणार नाही. वाचायला हे उत्तर निव्वळ तांत्रिक वाटते. परिणाम काय झाला पाहा. कायद्याने बंदी नाही, म्हणून बंदीमुळे बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई नाही. मच्छीमारांनी ‘स्वेच्छेने’ खाडीतली मासेमारी थांबवावी, असे सांगण्यात आले. स्वेच्छेने उपाशी राहा, असाच त्याचा अर्थ. ज्याच्या घरात तांदूळ विकत घ्यायला पैसा नाही, तो ओहोटीला खडकांवर जाऊन कालवे काढणारच. बाजारात खपत नाही ती मासळी घरच्या चुलीवर जाणारच. भरपाई नाकारण्याचा निर्णय हा असा थेट रोग्यांची संख्या वाढवणारा निर्णय ठरला.

१९५८ च्या सप्टेंबरात कंपनीने सांडपाण्याचा मार्ग बदलला. आधी ते ह्याक्केन बंदरातून खाडीत जायचे, आता ते मिनामाता नदीच्या मुखाशी सोडले जाऊ लागले. तिथून ते खुल्या शिरानुइ समुद्रात पसरले. थोड्याच महिन्यांत उत्तरेकडच्या गावांतही माणसे लुळी पडू लागली. जणू कोणी प्रयोगच करून दाखवला होता. पण त्या प्रयोगाचा निष्कर्ष लिहून घ्यायला कोणी तयार नव्हते.

१९५९ हे वर्ष निर्णायक ठरले. २२ जुलै रोजी कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केले, की विष सेंद्रिय पाऱ्याचे आहे. सांडपाण्याच्या तोंडाशी साचलेल्या गाळात टनामागे सुमारे दोन किलो पारा सापडला होता. महिनाअखेरीस गावातल्या मासळी विक्रेत्यांनी मिनामाताची मासळी घेणार नाही असे जाहीर केले. आता मच्छीमारांकडे गमावण्यासारखे काही उरलेच नव्हते. ऑगस्टमध्ये ते कारखान्यावर गेले. मध्यस्थी झाली आणि २९ ऑगस्टला करार झाला. २ कोटी येन भरपाई आणि मासेमारी पुन्हा उभी करण्यासाठी दीड कोटींचा निधी.

हे पाहून शिरानुइ समुद्राच्या काठच्या इतर गावांतल्या मच्छीमारांनाही बळ आले. १७ ऑक्टोबरला त्यांच्यातले दीड हजार जण कारखान्यावर चालून गेले. दाद लागली नाही, तेव्हा त्यांनी तोक्यो गाठले. संसद सदस्यांचे पथक पाहणीला यायचे ठरले. २ नोव्हेंबरला ते पथक गावात असतानाच मच्छीमार कारखान्यात घुसले. मोडतोड झाली, पोलिसांशी झटापट झाली, अनेक जण जखमी झाले. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत मिनामाताचे नाव झळकले. तीन वर्षे माणसे मरत होती तेव्हा जी बातमी झाली नाही, ती खुर्च्या-टेबले फुटल्यावर झाली.

गाव कोणाच्या बाजूने होते? कारखान्याच्या. शहराच्या कर उत्पन्नातला निम्म्याहून अधिक वाटा त्या काळात चिस्सोकडून येत होता. पाच दिवसांनी महापौर आणि गावातल्या २८ संस्थांचे प्रतिनिधी राज्यपालांना भेटले आणि त्यांनी विनंती केली, की कारखान्याचे सांडपाणी बंद करू नका, त्याने गाव बुडेल. यात कामगार संघटनाही होत्या. याच शहरात महापौरपदावर अनेक वर्षे राहिलेले हाशिमोतो हिकोशिची हे पूर्वी कारखान्याचे व्यवस्थापक होते, आणि ॲसिटाल्डिहाइड बनवण्याची तिथली पद्धत त्यांनीच बसवली होती. इतके ते शहर आणि तो कारखाना एकजीव झाले होते. मूठभर मच्छीमारांसाठी सगळ्यांच्या पोटावर पाय द्यायचा का, हा प्रश्न तिथे उघडपणे विचारला जात होता. प्रश्न ओळखीचा वाटतो ना?

१७ डिसेंबरला प्रांतातल्या मच्छीमार संघाशी करार झाला. ३ कोटी ५० लाख येन ठरले, पण त्यातून कारखान्याच्या मोडतोडीचे १ कोटी कापून घेतले गेले. हातात आले अडीच कोटी, आणि वर साडेसहा कोटींचा निधी. समुद्र बिघडवणाऱ्याला त्या वेळी एकाही खटल्याला तोंड द्यावे लागले नाही. कारखान्यात घुसलेल्या मच्छीमारांवर मात्र खटले चालले आणि शिक्षाही झाल्या.

आणि रोगी? इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. रोगी आणि मच्छीमार ही वेगवेगळी माणसे नव्हती. त्याच वस्तीतली, त्याच घरातली माणसे होती ती. पण करारांच्या कागदावर मासळीचे नुकसान हा एक विषय झाला आणि शरीराचे नुकसान हा दुसरा. जाळ्याचा हिशेब आधी झाला, कारण मच्छीमार संघटित होते, ते दार तोडू शकत होते. अंथरुणाला खिळलेल्यांना कोणते दार तोडता येणार? त्यांच्या कुटुंबांच्या संस्थेने ७८ रोग्यांसाठी माणशी ३० लाखांप्रमाणे २३ कोटी ४० लाख येन मागितले होते. कारखान्याच्या दारात ऐन थंडीत ते बसून राहिले. मासळीचे करार करून इतर मच्छीमार घरी गेले आणि ते एकटे पडले. ३० डिसेंबरला, वर्ष संपायला एक दिवस असताना, त्यांनी सही केली. मृतासाठी ३ लाख येन आणि अंत्यसंस्काराचे २० हजार. जिवंत प्रौढ रोग्याला वर्षाला १ लाख, मुलाला वर्षाला ३० हजार. नाव तेच जुने, मिमाइकिन.

या करारातली दोन कलमे वाचली की अंगावर काटा येतो. एक कलम म्हणते, की रोग कारखान्यामुळे झालेला नाही असे पुढे सिद्ध झाले, तर पैसे बंद होतील. दुसरे म्हणते, की रोग कारखान्याच्या सांडपाण्यामुळेच झाला असे पुढे सिद्ध झाले, तरी जास्तीची भरपाई मागता येणार नाही. चित पडले तर तुझे गेले, पट पडले तर माझे राहिले.

आणि नाणे कसे पडणार आहे हे कंपनीला आधीच माहीत होते. डॉ. होसोकावा त्या वर्षी मांजरांवर प्रयोग करत होते. त्यातल्या ४०० क्रमांकाच्या मांजराच्या अन्नात त्यांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी घातले. ऑक्टोबरमध्ये त्या मांजराला तोच रोग झाला. त्यांनी वरिष्ठांना सांगितले. प्रयोग थांबवण्याचा हुकूम आला आणि निष्कर्ष दडवला गेला. म्हणजे डिसेंबरच्या त्या करारावर एका बाजूने सही करणाऱ्याला उत्तर ठाऊक होते, दुसऱ्या बाजूला ते कधी कळेल याची शाश्वती नव्हती. याच डिसेंबरात कंपनीने सांडपाणी शुद्ध करण्याचे नवे यंत्र थाटामाटात सुरू केले. अध्यक्षांनी पाहुण्यांसमोर त्या यंत्रातले म्हणून सांगितलेले पाणी पिऊन दाखवले. ते यंत्र सेंद्रिय पारा काढण्यासाठी बांधलेलेच नव्हते. पण ‘आता पाणी शुद्ध झाले’ हा समज पक्का झाला. पैसे वाटले गेले होते, यंत्र बसले होते, विषय संपला होता. लोक पुन्हा मासळी खाऊ लागले.

पारा समुद्रात जाणे त्यानंतरही आठ वर्षांहून अधिक काळ चालू राहिले. १९६५ साली दूर उत्तरेला निइगाता प्रांतात, आगानो नदीच्या काठी, दुसऱ्या एका कंपनीच्या सांडपाण्याने हाच रोग झाल्याचे उघड झाले. तिथल्या लोकांनी १९६७ मध्ये सरळ न्यायालय गाठले. त्यामुळे मिनामाताचा विषय पुन्हा उघडला. चिस्सोने १९६८ च्या मे महिन्यात ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन बंद केले. पद्धत जुनी झाली होती, फायदा उरला नव्हता. आणि त्यानंतर चार महिन्यांनी, २६ सप्टेंबर १९६८ रोजी, जपान सरकारने जाहीर केले की रोगाला चिस्सोचे सांडपाणीच जबाबदार आहे. ज्या क्षणी सत्य बोलल्याने कोणाचा तोटा होणार नव्हता, त्या क्षणी ते बोलले गेले. त्याच ऑगस्टमध्ये कारखान्यातल्या एका कामगार संघटनेने ठराव केला होता, की या रोगाविरुद्ध आपण लढलो नाही याची आम्हाला लाज वाटते. या सगळ्या कागदांत माणसासारखा बोलणारा कागद मला हाच वाटतो.

१४ जून १९६९ रोजी २९ कुटुंबांनी कंपनीवर दावा लावला. इतर अनेकांनी सरकारने नेमलेल्या समितीवर भिस्त ठेवली. समिती देईल तो निवाडा मान्य असेल, असे तिने आधीच लिहून घेतले होते. वस्ती दुभंगली. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. डॉ. होसोकावा कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. १९७० च्या जुलैत त्यांनी इस्पितळातल्या खाटेवरून मांजर क्रमांक ४०० ची साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते वारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रोगी आणि त्यांचे पाठीराखे एकेक शेअर विकत घेऊन ओसाकातल्या भागधारकांच्या सभेत पोचले. यात्रेकरूंच्या पांढऱ्या वेषात, प्रार्थना म्हणत. कावामोतो तेरुओ यांच्यासारखी मच्छीमार घरातली माणसे तोक्योतल्या मुख्य कचेरीत ठाण मांडून बसली. युजीन स्मिथ या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७१ पासून तिथे राहून हे सगळे टिपले, म्हणून ते जगाने पाहिले.

२० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. कंपनीचे म्हणणे होते, की असा रोग होईल याची कल्पना करणेच शक्य नव्हते. न्यायालयाने ते फेटाळले. रासायनिक कारखान्याने पाणी सोडण्याआधी ते निर्धोक आहे याची खात्री करून घेतलीच पाहिजे. आधी माणसे मरू दे, मग पाहू, असे चालणार नाही, हा त्याचा मथितार्थ. आणि १९५९ चा तो करार? न्यायालयाने तो सार्वजनिक नीतीच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरवला. लोकांच्या अज्ञानाचा आणि गरिबीचा फायदा घेऊन हक्क सोडवून घेणारा कागद हा करारच नव्हे. रोग्यांना १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख येन मिळाले, एकूण सुमारे ९३ कोटी ७० लाख. मृतासाठी दिलेल्या त्या ३ लाखांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. मधल्या तेरा वर्षांतली महागाई धरली तरी दया आणि हक्क यांच्यातले अंतर किती असते ते कळते.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. १९७३ च्या जुलैत कंपनीने हीच रक्कम सर्व ‘प्रमाणित’ रोग्यांना द्यायचे मान्य केले. मग भांडण ‘प्रमाणित’ या शब्दावर आले. १९७७ साली निकष कडक झाले. एकच लक्षण असेल तर रोगी नाही, लक्षणांचा ठराविक संच हवा. हजारोंचे अर्ज फेटाळले गेले. १९९५ साली सुमारे दहा हजार जणांना प्रत्येकी २६ लाख येन देऊन राजकीय तडजोड झाली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की १९५९ च्या अखेरीनंतरही हात बांधून बसलेले केंद्र आणि प्रांत सरकारही दोषी आहेत. २००९ मध्ये नवा कायदा आला, माणशी २१ लाख. त्यासाठी साठ हजारांहून अधिक अर्ज आले. १९५९ मध्ये ज्यांची संख्या ७८ धरली होती, त्यांची! २०२३ च्या सप्टेंबरात ओसाका जिल्हा न्यायालयाने या कायद्यातूनही वगळलेल्या १२८ जणांना रोगी मानून प्रत्येकी २७ लाख ५० हजार येन द्यायला सांगितले, तेव्हा अधिकृत शोधाला सदुसष्ट वर्षे झाली होती.

समुद्राचा हिशेब वेगळाच. १९७४ साली खाडीच्या तोंडाला जाळे लावले गेले, विषारी मासळी बाहेर जाऊ नये म्हणून. ते १९९७ पर्यंत होते. मच्छीमारांना त्या खाडीतली मासळी पकडण्याचे पैसे मिळत, पण ती विकण्यासाठी नव्हे, पुरून टाकण्यासाठी. १९७७ ते १९९० या काळात तळाचा गाळ उपसून ५८ हेक्टर भराव घातला गेला. खर्च सुमारे ४,८५० कोटी येन. त्या भरावाखाली बंदराचा एक भाग कायमचा गेला. याची भरपाई कोणत्या कलमाखाली करायची?

आता आपल्याकडे पाहू. गोव्यात १९७० च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला येऊन समुद्राचा तळ खरवडू लागले, तेव्हा माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या पुढारपणाखाली रापणकार रस्त्यावर उतरले. त्यांनी मुख्यतः पैसे मागितले नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. किनाऱ्यालगतचा पट्टा आमच्यासाठी राखून ठेवा, अशी त्यांची मागणी होती. त्याच रेट्यातून १९८० चा गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा आला. त्याची अंमलबजावणी किती झाली हा वादाचा विषय. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, त्यानंतरही तक्रारी होतच राहिल्या. पण रापणकारांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती. समुद्र जाऊन पैसे येणे ही भरपाई नव्हे, ती विक्री आहे, आणि तीही खरेदीदाराने ठरवलेल्या भावात. मिनामाताच्या मच्छीमारांनी १९४३ साली नेमके हेच विकले होते. पोट हातावर असलेल्या माणसापुढे दुसरा पर्याय नव्हता, म्हणून विकले.

म्हणून यापुढे बंदरासाठी, जेटीसाठी, पुलासाठी किंवा तेलगळतीनंतर मच्छीमारांना अमुक कोटींची मदत जाहीर झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा आकड्यावर थांबू नका. चार प्रश्न विचारून पाहा. या पैशाचे नाव काय, भरपाई की सानुग्रह? त्याच्यासोबत कशावर सही घेतली जाते आहे? नुकसान करणारी गोष्ट थांबली आहे का? आणि मोजणी कोणी केली. होडीचा मालकच मोजला, की जाळे ओढणारा, टोपली घेऊन दारोदार जाणारी बाई, मासळी सुकवणारी म्हातारीही मोजली? मिनामातात या चारही प्रश्नांची उत्तरे चुकली, आणि ती दुरुस्त करता करता ज्यांना पैसे मिळायचे त्यांतली कितीतरी माणसे निघून गेली.

१ मे २०२४ रोजी, रोगाच्या अधिकृत शोधाच्या स्मृतिदिनी, जपानचे पर्यावरण मंत्री मिनामातात रोग्यांच्या संघटनांना भेटले. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटे दिली होती. वेळ संपल्यावर बोलणाऱ्यांचे ध्वनिक्षेपक बंद करण्यात आले. देशभर टीका झाली आणि आठवडाभरात मंत्र्यांनी तिथे जाऊन माफी मागितली. १९२६ साली ‘पुन्हा तक्रार करू नका’ या अटीला १५०० येन तरी मोजावे लागले होते. अठ्ठ्याण्णव वर्षांनी एक बटण पुरले.